शेजारचं उघडं वायफाय आणि माझी स्कॅन करायची खोड

कुठेही गेलो की लोक आधी चार्जिंगचा पॉइंट शोधतात, मी वायफायची लिस्ट उघडतो. जोडायचं म्हणून नाही, फोनमध्ये डेटा पडून असतो, तरी उघडतो. कुणाचं नाव काय ठेवलंय, सिग्नल किती येतोय, कुठल्या चॅनलवर गर्दी आहे आणि मुख्य म्हणजे नावापुढे कुलूप आहे की नाही, म्हणजे पासवर्ड लागतो की नाही. घरचे वैतागतात, "काय बघतोयस एवढं त्यात, नुसती नावंच तर आहेत." नावंच आहेत हे खरं, पण ही खोड जुनी आहे आणि सुटेल असं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर सोडायची इच्छाही नाही. उलट मला वाटतं ज्याच्या घरात राऊटर आहे त्याने निदान एकदा तरी घराबाहेर उभं राहून ही लिस्ट नीट बघावी, कारण आत बसून आपल्याला जे दिसतं आणि बाहेरून जाणाऱ्याला जे दिसतं ते एकच असेल असं काही नाही.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो म्हणजे कमेंटमध्ये कुणी भांडायला येणार नाही. स्कॅन करणं म्हणजे हॅकिंग नाही. राऊटर स्वतःच सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत एक छोटंसं पॅकेट सोडत असतो, त्याला बीकन म्हणतात. त्यात नेटवर्कचं नाव असतं (जास्तीत जास्त ३२ बाइट), चॅनल असतो, कुठलं एन्क्रिप्शन (डेटा गुप्त करायची पद्धत) चालतं ते असतं आणि राऊटरचा ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक असतो, ज्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून तो रेडिओ कुठल्या कंपनीचा ते बहुतेक वेळा कळतं. आणि हे सगळं उघड, नेटवर्कला कितीही भारी पासवर्ड असला तरी. पासवर्ड पुढच्या गप्पांना असतो, ही हाक सगळ्यांसाठीच असते. म्हणजे लिस्ट बघणारा कुणाच्या घरात डोकावत नाहीये, जे ओरडून सांगितलं जातंय ते ऐकतोय इतकंच. ऐकायच्याही दोन पद्धती, एक म्हणजे आपणच "कोण कोण आहे रे?" असं विचारणारं पॅकेट सोडायचं आणि उत्तरं गोळा करायची, दुसरी म्हणजे तोंडातून अवाक्षर न काढता एकेका चॅनलवर बसून नुसतं ऐकत राहायचं. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही तिथे आहात हे समोरच्याला कळतही नाही.

फोनवरून हा नाद पूर्वीइतका नीट करता येत नाही हे एक माझं दुःख आहे. अँड्रॉइड ९ आलं २०१८ मध्ये आणि तेव्हापासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करता येतं, बॅकग्राउंडला असेल तर अर्ध्या तासात एकदा. नंतरच्या व्हर्जनमध्ये डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन ती वेसण काढता येते, तेवढं बरं. आयफोनवाल्यांची तर पाटी कोरीच, साध्या ॲपला आजूबाजूची पूर्ण लिस्ट मिळतच नाही. त्यामुळे नीट बघायचं असेल तेव्हा मी लॅपटॉप काढतो, त्याला मॉनिटर मोड चालणारा, म्हणजे हवेतली सगळी पॅकेट ऐकू देणारा एक युएसबी अडॅप्टर लावतो आणि ती वाचणारं किस्मेट नावाचं सॉफ्टवेअर चालू करून ठेवतो. एकेक ओळ उगवायला लागते, नाव, चॅनल, एन्क्रिप्शन, सिग्नल. सिग्नल मायनसमध्ये असतो, -४० म्हणजे जवळपास डोक्यावर बसलाय, -८५ म्हणजे कुठूनतरी लांबून कण्हतोय.

त्यात मधेच एखादी ओळ अशी येते की बाकी सगळं भरलेलं आणि नावाची जागा तेवढी रिकामी. हे ते 'हिडन' नेटवर्क. कुणीतरी सांगितलेलं असतं की नाव लपवलं की सेफ, म्हणून मालकाने सेटिंगमध्ये जाऊन टिक केलेली असते आणि निवांत झोपतो. मी काही करत नाही, नुसता बसून राहतो. संध्याकाळी त्या घरातलं कुणीतरी परत येतं, त्याच्या खिशातला फोन राऊटरला जोडायला जातो, आणि जोडताना नाव सांगावंच लागतं, तेही उघड. त्या क्षणी माझ्या स्क्रीनवरची रिकामी जागा भरते. मी एक बटण दाबलेलं नसतं. आणि याच्याहून वाईट म्हणजे राऊटर गप्प बसलाय म्हटल्यावर विचारायचं काम फोनवर येतं, मग तो फोन बाहेर फिरताना सुद्धा जिथे जाईल तिथे त्या नावाने हाका मारत सुटतो. लपवायला गेलं एका घरात आणि दवंडी पिटली गावभर. मॅक फिल्टरचंही तेच, ठरावीक मशीनलाच प्रवेश देतो म्हणतात पण त्या मशीनचे मॅक ॲड्रेस हवेत उघडेच फिरत असतात, कुणीही बघून तसाच ॲड्रेस लावू शकतो. या दोन गोष्टींवर लोकांचा एवढा विश्वास का आहे मला खरंच कळत नाही.

हा छंद तसा जुना. २००० च्या आसपास पीटर शिपली नावाच्या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात गाडीत लॅपटॉप, अँटेना आणि जीपीएस ठेवून फिरायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी डेफकॉन या हॅकर लोकांच्या संमेलनात सांगितलं की बाबांनो, अर्धं शहर उघडं पडलंय. त्याच सुमारास मारियस मिल्नरने विंडोजसाठी नेटस्टम्बलर काढलं आणि मग काय, ज्याच्याकडे वायरलेस कार्ड होतं तो निघाला. लोकांनी चिप्सच्या गोल डब्यांचे अँटेना बनवले, टपावर चुंबकाचे अँटेना चिकटवले. (घरातलं वायफाय घरापुरतंच जातं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक माहिती, २००७ मध्ये व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या टीमने डोंगरावरून डोंगरावर मोठे अँटेना लावून ३८२ किलोमीटरवर वायफाय जोडून दाखवलं होतं. तुमच्या भिंती त्यापुढे काय.) २००२ च्या जूनमध्ये लंडनच्या मॅट जोन्सने खडूच्या खुणा काढल्या, दोन अर्धवर्तुळं पाठीला पाठ लावून म्हणजे उघडं, पूर्ण वर्तुळ म्हणजे बंद, आत डब्ल्यू म्हणजे एन्क्रिप्शन आहे. पेपरांनी ती गोष्ट जाम उचलली, मला मात्र नेहमी वाटत आलंय की त्या खुणा फुटपाथपेक्षा बातम्यांतच जास्त उमटल्या.

२००४ पर्यंत तर जगभरातले लोक ठरवून एकाच आठवड्यात हे करायचे आणि आकडे एकत्र करायचे. त्या वर्षी दोन लाखांहून जास्त नेटवर्क सापडली आणि त्यातली साठ टक्क्यांच्या वर बिनकुलपाची. लोक काही दानशूर नव्हते. खोक्यातून राऊटर काढला, वायर लावली, नेट चालू झालं, संपला विषय. तेव्हाचे राऊटर उघडेच यायचे, पासवर्ड लावायचा तर आपण होऊन लावायचा, आणि चालू असलेल्या गोष्टीला हात कोण लावतो? माझं मत असं की वायफायच्या सुरक्षेत सगळ्यात मोठा फरक कुठल्या अल्गोरिदमने पाडला नाही, तो पाडला खोक्याच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरने, ज्यावर प्रत्येक राऊटरचा वेगळा पासवर्ड छापून यायला लागला. लोकांच्या आळसाशी भांडण्यापेक्षा आळसच आपल्या बाजूने वळवला.

आणि ज्यांनी तेव्हा कुलूप लावलं त्यांचं कुलूप तरी काय होतं, डब्ल्यूईपी, म्हणजे वायफायचं सगळ्यात पहिलं एन्क्रिप्शन. त्याच्यात प्रत्येक पॅकेटला एक २४ बिटांचा आकडा जोडायचा असं डिझाइन होतं, म्हणजे सगळे मिळून १ कोटी ६७ लाख आकडे, गर्दीच्या नेटवर्कवर काही तासांत संपून परत तेच. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी त्यातल्या आरसी४ या अल्गोरिदमच्या वापरातली मेख दाखवली आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या तिघांनी ते एका मिनिटाच्या आत फोडून दाखवलं. तोपर्यंत त्याच्या जागी डब्ल्यूपीए (२००३) आणि डब्ल्यूपीए२ (२००४) आलेले होते, तरी लोक डब्ल्यूईपीच लावून बसलेले. टीजेएक्स या अमेरिकन दुकानांच्या साखळीचं जे मोठं कार्ड प्रकरण झालं, साडेचार कोटींहून जास्त कार्डांचा डेटा गेला, त्याची सुरुवात २००५ मध्ये एका दुकानाच्या वायफायवरून, बाहेर गाडीत बसून झाली होती. टोळीचा म्होरक्या २०१० मध्ये वीस वर्षांसाठी आत गेला. तर डब्ल्यूईपी अजूनही मला अधूनमधून लिस्टमध्ये दिसतं, आणि उघड्या नेटवर्कपेक्षा त्याचीच जास्त कीव येते, कारण उघडं ठेवणाऱ्याला निदान माहीत तरी असू शकतं.

आता शेजारच्या काकांची गोष्ट. आमच्या मजल्यावर एक उघडं नेटवर्क दिसायला लागलं, नाव म्हणजे राऊटरच्या कंपनीचं नाव, जसं फॅक्टरीतून येतं तसंच. हल्ली असं दिसत नाही म्हणून मला चैन पडेना. फोन हातात धरून पॅसेजमध्ये इकडून तिकडे चाललो, लिफ्टपाशी -७८, जिन्यापाशी -७०, आणि काकांच्या दारापाशी -५२. बेल वाजवली. म्हटलं, "काका, तुमचं एक वायफाय उघडं दिसतंय."

"शक्यच नाही. नेटवाल्याने पासवर्ड लावून दिलाय, हा बघ," म्हणून त्यांनी पासवर्ड लिहिलेला कागदच दाखवला. आणि खरंच होतं, हॉलमधल्या राऊटरला चांगला लांबलचक पासवर्ड होता. मग मी आत आत गेलो तर मागच्या खोलीत कपाटावर दुसरा राऊटर, जुना. त्या खोलीत रेंज येत नाही म्हणून मुलाने सुट्टीत आला होता तेव्हा हॉलमधून केबल टाकून तो लावून दिलेला. पासवर्ड आठवेना म्हणून मागच्या भोकात पिन खुपसून रिसेट केलेला. रिसेट झाला, उघडा झाला, रेंज आली, मुलगा गेला परत. म्हणजे पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, आणि दोन्ही दारं एकाच घरात उघडणारी.

काका शांतच. "अरे असू दे रे. आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? कुणी थोडं नेट वापरलं तर वापरू दे. अनलिमिटेड आहे."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याच्यावरच वेगळी पोस्ट होईल. मुद्दा चोरण्याचा नसतोच. तुमचे बँकेचे व्यवहार, मेल, चॅट यांना आता स्वतःचं एन्क्रिप्शन असतं, बाजूला बसून कुणी ते सहज वाचेल हे दिवस बऱ्यापैकी गेले. २०१० मध्ये एरिक बटलरने फायरशीप नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन काढून दाखवलं होतं, उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये एका क्लिकवर शिरता यायचं, आणि त्यानंतर मोठ्या साइट्स हळूहळू पूर्ण एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवर गेल्या. तेव्हा "उघड्या वायफायवर बसलात की बँक खातं रिकामं" ही भीती आता जरा जुनी झालीये, ती दाखवून घाबरवणाऱ्यांवर मी चिडतो. पण घराच्या नेटवर्कवर येणं म्हणजे नुसतं नेट वापरणं नाही ना. आत आला की त्याला राऊटरचं सेटिंगचं पान दिसतं, आणि तिथे युजरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. तो डीएनएस बदलू शकतो, म्हणजे तुम्ही ज्या साइटचं नाव टाकाल तिचा पत्ता सांगणारा माणूस आता त्याचा. शेअर केलेले फोल्डर, टीव्ही, प्रिंटर, घरातला कॅमेरा, हे सगळे 'आतले' म्हणून येणाऱ्यावर विश्वास टाकणारे.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे तो जे करेल ते तुमच्या नावावर. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले त्याच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा मेल गेला, तो शोधत पोलीस पोचले नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी. त्याचं वायफाय उघडं होतं, मेल भलत्यानेच पाठवला होता, पण चौकशी, जप्त झालेले कॉम्प्युटर, पेपरात नाव, हे सगळं त्याच्या वाट्याला आलं. पुढच्या वर्षी जानेवारीत मुंबई पोलिसांनीच जाहीर केलं की आमची माणसं फिरून उघडी वायफाय शोधतील, म्हणजे जो उद्योग पोरं लॅपटॉप घेऊन करायची तो सरकारी झाला. जर्मनीत २०१० मध्ये वेगळीच केस, घरमालक सुट्टीवर, राऊटर कंपनीच्या सेटिंगवर तसाच चालू, आणि कुणीतरी त्यावरून गाणं शेअर केलं. वरच्या कोर्टाने म्हटलं की गाण्याची चोरी त्याने केली नाही हे मान्य पण राऊटरला स्वतःचा नीट पासवर्ड लावायची जबाबदारी त्याची होती. तिकडे २०१७ मध्ये कायदा बदलून ही जबाबदारी बरीच सैल केली ते सोडा, पण तोपर्यंत लोकांची झोप उडाली होती. काकांना मी नवी मुंबईचं सांगितलं. "मग काढून टाक तो डबा," म्हणाले. काढला नाही, पासवर्ड लावून दिला, दोन्ही राऊटरना नाव आणि पासवर्ड एकच ठेवला म्हणजे हॉलमधून आतल्या खोलीत गेलं तरी फोन आपोआप इकडून तिकडे जातो.

दुसरी बाजू पण आहे हां. ब्रूस श्नायर, म्हणजे सिक्युरिटीतला दादा माणूस, त्याने २००८ मध्ये चक्क लिहिलं होतं की मी घरचं वायफाय उघडंच ठेवतो, आलेल्या पाहुण्याला नेट देणं हा साधा शिष्टाचार आहे, आणि माझी मशीन स्वतः मजबूत असली पाहिजेत कारण ती रोज बाहेरच्या नेटवर्कवर जातातच. पुढे ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन संस्थेने २०१२ मध्ये 'ओपन वायरलेस' अशी चळवळच काढली. मला हा विचार आवडतो, मनापासून आवडतो, आडवेळी कुणाला तरी नकाशा बघायचा असतो, फोनमधला डेटा संपलेला असतो. पण श्नायरला आपल्या लॅपटॉपवर काय चाललंय ते माहीत असतं, काकांना कपाटावर काय चाललंय ते माहीत नव्हतं. जाणूनबुजून उघडं ठेवणं आणि पिन खुपसल्यामुळे उघडं पडणं यांना एकाच तागडीत घालता येत नाही, आणि माझ्या लिस्टमध्ये दोन्ही सारखीच दिसतात, हीच तर गोची आहे.

म्हणून मी उघडं दिसलं तरी जोडत नाही. काकांच्या वेळीही जोडून बघितलं नाही, दारावर गेलो. बऱ्याच देशांत कायद्याने बघणं वेगळं आणि परवानगीशिवाय वापरणं वेगळं धरलं जातं, आणि ब्रिटनमध्ये २००५ मध्येच दुसऱ्याच्या वायफायवर बसल्याबद्दल एकाला ५०० पाउंड दंड झालेला आहे. पण कायदा बाजूला ठेवा, मला साधं वाटतं की दार उघडं दिसलं म्हणून कुणी आत शिरून सोफ्यावर बसत नाही.

ऐकण्यातही मर्यादा ओलांडता येते, आणि ती सगळ्यात मोठ्या प्रमाणावर ओलांडली गूगलच्या गाड्यांनी. स्ट्रीट व्ह्यूचे फोटो काढत फिरताना त्या नेटवर्कची नावं आणि ॲड्रेस टिपत होत्या इथवर ठीक, पण उघड्या नेटवर्कवरून जाणारा डेटाही रेकॉर्ड करत होत्या. मे २०१० मध्ये कंपनीने ते कबूल केलं, त्यात मेल, पासवर्ड असले तुकडे निघाले. अमेरिकेत चौकशीत अडथळा आणला म्हणून २०१२ मध्ये दंड झाला २५ हजार डॉलर, हसू नका, खरंच एवढाच, आणि पुढच्या वर्षी ३८ राज्यांशी तडजोड ७० लाख डॉलरची. गंमत म्हणजे ते कोड लिहिणारा इंजिनिअर कोण तर न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीप्रमाणे तोच, नेटस्टम्बलरवाला मिल्नर.

गाड्यांनी वायफाय टिपणं थांबवलं पण काम थांबलं नाही, कारण आता गाडीची गरजच उरली नाही. जे काम शिपलीने गाडीभर सामान घेऊन केलं ते तुमचा फोन खिशात बसून दिवसभर करतो. आजूबाजूच्या राऊटरचे ॲड्रेस बघतो, सर्व्हरला विचारतो, आणि जीपीएस न लागताही तुम्ही कुठे आहात ते कळतं. हौशी लोकांची विगल नावाची साइट आहे, २००१ पासून चालू, तिथे एक अब्जाच्या वर नेटवर्क नकाशावर मांडलेली आहेत. मोठ्या कंपन्यांच्या नकाशात आपला राऊटर नको असेल तर नावाच्या अगदी शेवटी अंडरस्कोर देऊन इंग्रजी अक्षरांत नोमॅप लिहायचं, गूगलने हे २०११ पासून मानलंय, ॲपलनेही नंतर मानायला सुरुवात केली. यासाठी आपणच नाव बदलायचं हा न्याय मला अजून पटलेला नाही, पण आहे हे असं आहे.

उलट दिशेनेही स्कॅन होतं. २०१३ मध्ये लंडनमध्ये एका जाहिरात कंपनीने रस्त्यावरच्या कचरापेट्यांमध्ये यंत्रं बसवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या फोनचा मॅक ॲड्रेस टिपणारी, कोण किती वेळा इथून जातो ते बघायला. ऑगस्टमध्ये बोंब झाली आणि नगरपालिकेने बंद करायला लावलं. पुढच्याच वर्षी आयफोन शोधाशोध करताना खोटे ॲड्रेस वापरायला लागले, अँड्रॉइडने २०१९ पासून प्रत्येक नेटवर्कला वेगळा ॲड्रेस द्यायला सुरुवात केली. कचरापेटीमुळेच झालं असं म्हणत नाही, पण कचरापेटी आपल्यावर पाळत ठेवतीये हे ऐकल्यावर माणूस सेटिंग उघडतोच.

आता माझ्या लिस्टमध्ये पूर्ण उघडं घरगुती नेटवर्क क्वचितच दिसतं. दिसतात ती अर्धवट मिटलेली. नवा बल्ब किंवा प्लग आणला, सेटअपला घेतला आणि अर्ध्यात सोडला, तर तो स्वतःचं उघडं नेटवर्क सोडून बसून राहतो. प्रिंटरला थेट जोडायचं डायरेक्टवालं नेटवर्क, कुलूप आहे पण कित्येकांचा पासवर्ड १२३४५६७८, मालकाला ते नेटवर्क आहे हेच माहीत नसतं. राऊटरवरचं डब्ल्यूपीएस बटण, पासवर्ड न टाकता मशीन जोडायचं, त्याचा आठ आकडी पिन म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात, पण २०११ च्या शेवटी श्टेफान फीबॉकने दाखवून दिलं की राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता चेकसम, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून निघणारा आहे, म्हणजे प्रत्यक्षात ११ हजारच प्रयत्न. जुन्या राऊटरवर ते बंद करा, दहा वेळा सांगेन.

आणि मोबाइल नंबर. पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवणारे निम्मे वाचक असतील याची मला खात्री आहे. २०२१ मध्ये सायबरआर्क या सुरक्षा कंपनीच्या एका संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून ५ हजार नेटवर्कचे हॅश (पासवर्डवरून बनलेला कोड) गोळा केले आणि त्यातले ३५०० हून जास्त फोडले, मोठा भाग निव्वळ मोबाइल नंबर. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळचं एक पॅकेट मिळालं की पुढे पासवर्ड घरी बसून तपासता येतात, तुमच्या राऊटरला पत्ताच नसतो. दहा आकडी नंबर, सुरुवातीचे आकडे ठरलेले, उरलेल्या आकड्यांना कॉम्प्युटरला फार वेळ लागत नाही. शिवाय हिशेबात नेटवर्कचं नावही मिसळलेलं असतं, म्हणून कंपनीचं नाव तसंच ठेवलं तर त्या नावाचे तयार तक्ते लोकांकडे आधीच असतात. नाव बदला, पण त्यात फ्लॅट नंबर आणि आडनाव घालू नका, मला लिस्टवरून कोण कुठे राहतो ते कळतं आणि मला ते नकोय.

पासवर्ड लांब ठेवा, आठ अक्षरं ही कमीत कमी मर्यादा आहे, ६३ पर्यंत जाता येतं. संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिलेत तरी पुष्कळ, पाहुण्यांना सांगायलाही सोपं. राऊटरच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड वेगळा, तो वायफायचा नव्हे, हे समजावताना माझे दरवेळी पंधरा मिनिटं जातात. डब्ल्यूपीए३ (२०१८) असेल तर लावा, त्यात ते घरी बसून तपासायचं प्रकरण चालत नाही. जुनी मशीन जोडली जात नाहीत अशी ओरड होईल, तेव्हा दोन्ही चालणारा मिक्स मोड असतो. आणि ज्यांना श्नायरसारखं दार उघडं ठेवायची हौस आहे त्यांनी गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क चालू करा, त्यावरून घरातली मशीन दिसत नाहीत, स्पीडला मर्यादा घालता येते. स्वस्तातले बल्ब, प्लग पण मी त्यावरच टाकतो. प्रिंटर टाकला की मात्र लॅपटॉपवरून प्रिंट जात नाही, त्याचं अजून काही जमलेलं नाही, तो मुख्य नेटवर्कवरच आहे, डायरेक्टवालं तेवढं बंद केलंय.